नागली-वरईच्या मालाची तपासणी : प्रयोगशाळा कशी निवडावी?



जव्हार-मोखाडा भागातील डोंगरउतारावर पिकणारी नागली आणि वरई पूर्वी घरच्या कणगीतच राहत असे. भाकरी, आंबील आणि पुढच्या वर्षाचे बी एवढाच तिचा उपयोग होता. आता चित्र पालटले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि शहरातील गिऱ्हाईक नागलीचे पीठ, बिस्किटे, लाडू, पापड आवर्जून मागू लागले. आपल्याकडील अनेक बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या या व्यवसायात उतरल्या आहेत. मात्र ठाणे, मुंबई किंवा नाशिकचा मोठा खरेदीदार भाव ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "प्रयोगशाळेचा अहवाल आहे का?"

मागील हंगामात मोखाडा तालुक्यातील एका बचत गटाच्या भगिनी असाच एक अहवाल घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी पदरचे पैसे भरून नागलीच्या पिठाची तपासणी करून घेतली होती. अहवालाचा कागद जाड, शिक्का ठळक, आणि शेवटी "समाधानकारक" असा शेराही होता. तरीही खरेदीदाराने माल परत पाठवला. अहवाल नीट वाचल्यावर कारण लक्षात आले. त्या प्रयोगशाळेला मान्यता होती, पण ती पाण्याच्या तपासणीसाठी. पिठासाठी नव्हती. शिवाय खरेदीदाराला हवी असलेली अफ्लाटॉक्सिनची तपासणी केलेलीच नव्हती, कारण ती करा असे कोणी लिहून दिले नव्हते. दुसरी तपासणी होईपर्यंत सणाची मागणी निघून गेली. त्यांच्या नागलीत दोष नव्हता, कष्टातही कसूर नव्हती. चूक झाली ती प्रयोगशाळा निवडताना. ही चूक आपल्या हातून होऊ नये म्हणून काही गोष्टी येथे क्रमाने देत आहे.

परवाना वेगळा, मान्यता वेगळी

प्रयोगशाळेच्या भिंतीवर अनेक प्रमाणपत्रे टांगलेली असतात. दुकान नोंदणी, वस्तू व सेवा कराचा क्रमांक, एखाद्या संघटनेचे सभासदत्व. हे कागद व्यवसाय करण्यासाठी लागतात. पण त्यावरून तेथील तपासणी विश्वासार्ह आहे असे सिद्ध होत नाही. आपल्याला दोन गोष्टी पाहावयाच्या आहेत.

पहिली म्हणजे एन.ए.बी.एल. या मंडळाची मान्यता. हे मंडळ भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत काम करते. प्रयोगशाळेतील उपकरणे, माणसे, पद्धती आणि नोंदी आय.एस.ओ./आय.ई.सी. १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आहेत किंवा नाहीत हे तपासून ते मान्यता देते.

दुसरी म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, म्हणजे एफ.एस.एस.ए.आय.ची अधिसूचना. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४३ खाली प्राधिकरण मान्यताप्राप्त प्रयोगशाळांमधून काही प्रयोगशाळा अन्नपदार्थांच्या तपासणीसाठी अधिसूचित करते. परवान्याच्या किंवा कायद्याच्या कामासाठी अहवाल लागणार असेल तर अधिसूचित प्रयोगशाळाच निवडावी. दोन्ही याद्या त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. घरी सोय नसल्यास कृषी विज्ञान केंद्रात, तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा शिकत्या मुलाच्या मोबाइलवर ही यादी पाहून घ्यावी. प्रयोगशाळेने दाखवलेल्या छायाप्रतीवर विसंबू नये. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असू शकते किंवा मान्यता तात्पुरती स्थगितही झालेली असू शकते.

आणखी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळा खताची मात्रा ठरवण्यासाठी उत्तम. पण मातीतील नत्र-स्फुरद-पालाश मोजणारी प्रयोगशाळा पिठातील बुरशीचे विष मोजू शकेलच असे नाही. "मागे तिथेच माती तपासली होती" हे कारण पुरेसे नाही.

व्याप्तीचा तक्ता मागावा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. मान्यता संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. ती ठराविक पदार्थाच्या ठराविक तपासणीला मिळते. प्रमाणपत्रासोबत एक तक्ता जोडलेला असतो, त्याला मान्यतेची व्याप्ती म्हणतात. त्यात पदार्थाचा गट, तपासावयाचा घटक, तपासणीची पद्धत आणि मोजता येणारी मर्यादा अशी माहिती असते. आपला पदार्थ आणि आपल्याला हवा असलेला घटक हे दोन्ही या तक्त्यात एकाच ओळीत सापडले पाहिजेत. "तृणधान्ये व त्यांचे पदार्थ" या गटापुढे अफ्लाटॉक्सिन लिहिलेले असेल तर ठीक. अफ्लाटॉक्सिन फक्त मसाल्यांपुढे लिहिलेले असेल तर नागलीच्या पिठासाठी ती मान्यता उपयोगाची नाही.

तपासणीत जे विचारले नाही ते अहवालात कधीच येत नाही. याचा मोठा धडा आपल्या राज्यातील द्राक्ष बागायतदारांना २०१० मध्ये मिळाला. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॉट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला सी.सी.सी. म्हणतात त्या वाढनियंत्रकाचा उर्वरित अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला. निर्यातीपूर्वी द्राक्षांची तपासणी झालेली होती, अहवालही स्वच्छ होते. पण हे रसायन तोपर्यंत तपासणीच्या यादीतच नव्हते. अहवाल खोटे नव्हते, प्रश्न अपुरा होता. बागायतदारांचे त्यात मोठे नुकसान झाले. आपला माल थोडा असला तरी न्याय तोच लागू होतो.

कोणत्या मालासाठी कोणती तपासणी?

प्रयोगशाळेत जाऊन "सगळे तपासा" असे म्हणू नये. त्यात पैसाही जातो आणि नेमके हवे ते राहून जाते. प्रथम खरेदीदाराकडून त्याला हव्या असलेल्या तपासण्यांची लेखी यादी घ्यावी. सर्वसाधारणपणे खालीलप्रमाणे विचार करावा.

(१) नागली व वरईचे धान्य : प्राधिकरणाने पंधरा भरडधान्यांसाठी एकत्रित मानके ठरवली असून ती लागू आहेत. नागली आणि वरई ही दोन्ही त्यात येतात. आर्द्रता, यूरिक आम्ल, बाह्य पदार्थ, इतर खाद्यधान्यांची भेसळ, सदोष दाणे, किडके दाणे आणि अपक्व व सुरकुतलेले दाणे यांच्या मर्यादा त्यात दिलेल्या आहेत. यूरिक आम्लाचे नाव ऐकून घाबरू नये. किडीच्या विष्ठेतून ते धान्यात येते. म्हणून कीड चाळून काढली तरी साठवणीत ती किती लागली होती हे या तपासणीतून उघड होते.

(२) पीठ : आर्द्रता, एकूण राख आणि आम्लात न विरघळणारी राख या तपासण्या कराव्यात. यांतील तिसरी आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे. मातीच्या खळ्यावर मळणी केली की बारीक वाळू दाण्यांसोबत येते. नागलीचा दाणा इतका बारीक की ती चाळणीने पूर्ण निघत नाही. आम्लात न विरघळणारी राख वाढली म्हणजे पिठात वाळू-माती आहे असे समजावे. त्यावर उपाय प्रयोगशाळेत नाही, तो खळ्यावर आहे. मळणी ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर करावी.

(३) अफ्लाटॉक्सिन : ओलसर धान्यावर वाढणाऱ्या काही बुरशी हे विष तयार करतात. ते डोळ्यांना दिसत नाही, वासाने ओळखू येत नाही आणि भाकरी भाजल्याने पूर्ण नाहीसे होत नाही. दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताला अपाय होतो. तृणधान्यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोस १५ मायक्रोग्रॅम आहे. हे प्रमाण किती सूक्ष्म ते पाहा. दहा टनांच्या शंभर ट्रक धान्यात मिळून फक्त १५ ग्रॅम! एवढे बारीक मोजमाप साध्या उपकरणाने होत नाही, म्हणूनच व्याप्तीचा तक्ता पाहणे गरजेचे ठरते.

(४) बिस्किटे, लाडू : येथे तूप किंवा तेल खवट होण्याचा प्रश्न येतो. त्यासाठी स्निग्धांशाची आम्लता व पेरॉक्साइड मूल्य तपासावे. सूक्ष्मजीवांची तपासणीही करावी.

(५) पाकिटावरील पोषणमूल्ये : राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मि.ग्रॅ. कॅल्शियम असते. काही गट हाच आकडा बिस्किटाच्या पाकिटावर छापतात. तो आकडा नागलीच्या दाण्याचा आहे. बिस्किटात मैदा, साखर आणि तूप मिसळल्यावर कॅल्शियम तेवढे राहत नाही. आपल्या पदार्थाचा आकडा आपल्याच पदार्थावरून काढावा.

एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. पाकिटावर "बाळांसाठी उत्तम" असे सहज लिहू नये. शिशू आहारासाठी २०२० पासून स्वतंत्र व कडक नियम आहेत. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये कुपोषणाने झालेले बालमृत्यू हा भाग विसरलेला नाही. ज्या मुलखात नागलीचे सत्त्व लेकरांच्या तोंडी जाते तेथे तपासणी ही केवळ विक्रीची अट मानून चालणार नाही.

हवा तो आकडा देणारी प्रयोगशाळा टाळावी

"तिथे दिलं की पास होतंच" असे एखाद्या प्रयोगशाळेबद्दल ऐकू आले तर तिच्यापासून दूर राहावे. याबाबत परदेशातील एक उदाहरण बोलके आहे. आपल्याकडे गांजाची विनापरवाना लागवड व विक्री १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र जानेवारी २०१८ पासून प्रौढांसाठी त्याची परवानाधारक विक्री सुरू झाली आणि विक्रीपूर्वी परवानाधारक प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. मादक घटकाचे प्रमाण जास्त छापले की भाव जास्त मिळे. त्यामुळे काही उत्पादक जास्त आकडा देणारी प्रयोगशाळा शोधत फिरू लागले आणि प्रामाणिक प्रयोगशाळांची गिऱ्हाइके तुटू लागली. शेवटी राज्याला जानेवारी २०२४ पासून गांजाच्या फुलांसाठी सर्व प्रयोगशाळांना एकच तपासणी पद्धत बंधनकारक करावी लागली. परवाना होता, उपकरणे होती, तरी आकड्यांवरचा विश्वास गेला. पीक कोणतेही असो, आपल्या मनासारखा अहवाल देणारी प्रयोगशाळा खरेदीदाराच्या फेरतपासणीत आपल्याला तोंडघशी पाडते.

नमुना देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

प्रयोगशाळेला पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत.

१. माझ्या पदार्थासाठी व या घटकांसाठी आपली मान्यता आहे काय? व्याप्तीच्या तक्त्यातील ती ओळ दाखवावी.
२. तपासणी येथेच होणार की दुसरीकडे पाठवणार? पाठवणार असल्यास तेथे मान्यता आहे काय?
३. हा घटक कमीत कमी किती प्रमाणापासून मोजता येतो?
४. नमुना किती लागेल आणि कशात भरून आणावा?
५. करासह एकूण शुल्क किती व अहवाल किती दिवसांत मिळेल?
६. उरलेला नमुना किती दिवस जपून ठेवला जाईल?

या प्रश्नांना सरळ उत्तर न देणारी प्रयोगशाळा स्वस्त पडत असली तरी सोडून द्यावी. जवळची म्हणूनही निवडू नये. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक किंवा जव्हारहून विक्रमगड-मनोरमार्गे मुंबईकडे एक खेप जास्त झाली तरी चालेल. परत आलेल्या मालाची खेप त्यापेक्षा महाग पडते.

नमुना कसा घ्यावा?

चांगली प्रयोगशाळा निवडली तरी नमुना चुकीचा असेल तर सर्व व्यर्थ. बुरशीचे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. एका कोपऱ्यातील ओलसर मुठीत ते भरपूर असते आणि शेजारच्या मुठीत मुळीच नसते. म्हणून वरची एक ओंजळ भरून पाठवू नये. आणि चांगले दाणे निवडून तर मुळीच पाठवू नयेत. ती स्वतःचीच फसवणूक आहे.

दहा पोत्यांपर्यंत माल असल्यास प्रत्येक पोत्यातून, दहा ते शंभर पोती असल्यास कोणतीही दहा पोती न निवडता उचलून त्यांतून धान्य घ्यावे. पोकळ टोकदार सळईने पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातून दाणे काढावेत. सर्व दाणे स्वच्छ कापडावर एकत्र करून चांगले मिसळावेत. मग मातीच्या नमुन्याप्रमाणेच ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत. हवे तेवढे वजन राहीपर्यंत हीच क्रिया करावी.

उरलेल्या धान्याचे दोन सारखे भाग करून कोरड्या, हवाबंद पिशव्यांत भरावेत. एक भाग प्रयोगशाळेस द्यावा, दुसरा मोहोरबंद करून गटाकडे राखीव ठेवावा. पिशवीवर मालाचे नाव, पोत्यांची संख्या, लॉट क्रमांक, नमुना घेतल्याची तारीख व सही असावी. कापडी किंवा कागदी पिशवी वापरू नये. आपल्याकडच्या पावसाळी हवेत वाटेतच आर्द्रता वाढते. तयार पदार्थांच्या सूक्ष्मजीव तपासणीसाठी मात्र विक्रीची पाकिटे न फोडता द्यावीत. नमुना आठवड्याच्या सुरुवातीस पोहोचवावा, म्हणजे सुट्टीत तो पडून राहत नाही.

तपासणीच्या खर्चात पडण्यापूर्वी घरची परीक्षा करावी. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. साठवणीपूर्वी धान्य कडक उन्हात वाळवून आर्द्रता १२ टक्क्यांच्या आत आणावी. ओला माल तपासायला पाठवणे म्हणजे पैसे भरून नापास होणे.

अहवाल कसा वाचावा?

अहवाल हाती आल्यावर शेवटचा शेरा वाचून घडी घालू नये. मान्यताप्राप्त तपासणीच्या अहवालावर एन.ए.बी.एल.चे चिन्ह आणि यू.एल.आर. नावाचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो आहे का ते पाहावे. एखाद्या घटकापुढे तारांकन असून खाली "मान्यतेच्या व्याप्तीबाहेर" अशी टीप असेल तर त्या आकड्यामागे मान्यता नाही असे समजावे. "आढळले नाही" या शब्दांचा अर्थ "अजिबात नाही" असा होत नाही. उपकरणाला जेवढे कमीत कमी दिसते त्यापेक्षा ते कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मर्यादा १५ ची आणि उपकरणाला २० च्या खालचे दिसतच नसेल, तर "आढळले नाही" हा शेरा निरुपयोगी आहे.

"नमुना पक्षकाराने आणून दिला" आणि "निष्कर्ष फक्त या नमुन्यापुरते" अशी वाक्ये बहुतेक अहवालांत असतात. त्यामुळे एका लॉटचा अहवाल वर्षभराच्या मालाला दाखवू नये. प्रयोगशाळेचे मान्यताचिन्ह आपल्या पाकिटावर छापण्याची तर परवानगीच नाही.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतल्यास

अशा वेळी गोंधळून जाऊ नये. कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नमुन्याचे चार भाग केले जातात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याकडे राहतात आणि चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी आपण करू शकता. ही मागणी नमुना घेतला जात असतानाच करावी. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसल्यास नामनिर्दिष्ट अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते. आपली खरेदीची, वाळवणीची व लॉटची नोंदवही लिहिलेली असेल तर बाजू मांडणे सोपे जाते.

सारांश

खरेदीदाराची मागणी लेखी घ्यावी. प्रयोगशाळेची मान्यता संकेतस्थळावर पडताळावी. व्याप्तीच्या तक्त्यात आपला पदार्थ व आपला घटक शोधावा. नमुना संपूर्ण लॉटचा घ्यावा आणि अर्धा राखून ठेवावा. नागली-वरईचे पीक आपण डोंगरउतारावर, पावसात उभे राहून घेतो. त्या कष्टांची साक्ष देणारा कागद तितकाच खरा असावा, एवढी काळजी प्रत्येक गटाने घ्यावी.